अस्सल धपाटं कोणतं?

काही वर्षांपूर्वी आमच्या शिरूर कासारला महिलांची पाककला स्पर्धा झाली. विषय होता, मराठवाड्याचं अस्सल धपाटं. मी इतिहास शिकवणारा; याला अस्सल-नक्कल कळत असणार, या समजुतीनं मला परीक्षक केलं. नियमही मीच सुचवला : पीठ ज्वारीचं आणि हरभऱ्याच्या डाळीचं; गहू चालणार नाही.

त्या नियमानं पहिलंच ताट मी बाद केलं. ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या एका बाईचं होतं ते. धपाट्यात निम्म्याहून जास्त गहू. कारण सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, रेशनला गहूच मिळतो. अन् गव्हाचं असलं की गाडीत दोन दिस मोडत न्हाई." ताट उचलून ती निघून गेली. बक्षीस कुणाला मिळालं ते मला आठवत नाही.

घरी येऊन मी माझ्याच नियमाची उलटतपासणी घेतली. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि आपली झाली. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणाची भिस्त मिऱ्यांवर. धपाट्याबरोबर शेंगदाण्याची चटणी हवीच, पण तो शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. आपण जिला गावरान म्हणून मिरवतो, ती मालदांडी ३५-१ मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली. मग १९६४ साली पहिलं संकरित वाण आलं आणि पाठोपाठ हायब्रीडच्या भाकरीला चव नाही ही तक्रारही. १९७२च्या दुष्काळात तर अमेरिकेतून तांबडी मिलो आली. आजी सांगायची, ती थापताना तुटायची, पण लेकरं त्याच भाकरीवर जगली. त्या वर्षी चुलीवर जे झालं, ते नक्कल म्हणायचं का?

'मराठवाड्याचं' हा शब्दही तपासायला हवा. आमच्या तालुक्याला लागूनच पाथर्डी. १९४८पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे १९४७पर्यंत इंग्रजांचा नगर जिल्हा. सोयरीक मात्र दोन्हीकडे. लेक सासरी जाताना धपाट्याची रीत कुठल्या नाक्यावर उतरवून ठेवणार?

अशीच ओढाताण इटलीत पिझ्झ्यावरून झाली. १९८४ साली नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांनी संघटना काढून नियम लिहिले. २०१०मध्ये युरोपीय संघानं नेपल्सच्या पिझ्झ्याला संरक्षण दिलं : भट्टी लाकडाची, व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत. १८८९ साली राणी मार्गेरिताच्या नावानं पिझ्झा झाला, ही गोष्ट तिथं अभिमानानं सांगतात; अभ्यासकांना मात्र तिच्याबद्दल शंका आहे. आणि ज्या टोमॅटोवाचून तो पिझ्झा होत नाही, तो अमेरिकेतून आलेला! त्या नियमांची मी टवाळी करणार नाही. दुसऱ्या कुणी आपलं नाव लावून भलतंच विकू नये, एवढ्यासाठी ते ठीक आहेत. मी मात्र नियम लावला तो धपाटं करून खाणाऱ्या बाईलाच.

बरं, त्या गव्हाला कारणही आहे. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीला गरम पाणी लागतं आणि थंड झाली की ती मोडते. गहू मिसळला की धपाट्याला चिवटपणा येतो, प्रवासात टिकतं. आमच्या भागातली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. त्यांच्या शिदोरीत ज्वारीचा चुरा काय कामाचा?

म्हणून काहीही चालेल असंही मी म्हणणार नाही. भाजणीचं असेल तर त्याला थालीपीठ म्हणावं, त्यातही गोडी आहेच. धपाट्याला कच्चं पीठ, लसूण, ओवा, तीळ हवेत. ते ओल्या फडक्यावर थापावं, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं टाकावं आणि फडकं अलगद सोडवावं. त्या कापडाची नक्षी धपाट्यावर उठते. प्लास्टिकच्या पिशवीवर थापलेलं मला आवडत नाही. सूनबाई म्हणतात, फडकं धुवायला या मग!

पुढच्या वर्षी मी संयोजकांना गव्हाची अट काढायला लावली. त्यांनी ती काढलीही. स्पर्धा मात्र मार्गशीर्षात ठेवली. तोवर ऊसतोडीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या.