गाढवालाही कळणारं प्रमेय

नववीत भूमितीच्या तासाला मी विचारलं होतं, "सर, त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे तर दिसतंच. मग सिद्ध कशाला करायचं?"

"परीक्षेत येतं म्हणून," सर म्हणाले. वर्ग हसला. मी खाली बसले आणि ते प्रमेय पाठ केलं.

हा प्रश्न फार जुना आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. युक्लिडने अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास 'एलिमेंट्स' लिहिलं. त्याच्या पहिल्या खंडातलं हे २०वं प्रमेय. तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या अनुयायांनी त्याची टर उडवली : हे तर गाढवालाही कळतं! त्रिकोणाच्या एका टोकाला भुकेलं गाढव आणि दुसऱ्या टोकाला गवत ठेवा. ते सरळ एका बाजूने जाईल, दोन बाजूंचा वळसा घेणार नाही.

हा किस्सा पाचव्या शतकात अथेन्सच्या प्रोक्लसने नोंदवला आणि उत्तरही दिलं. आग ऊब देते हे अंगाला कळतं. कशी देते, हे शोधणं ज्ञानाचं काम.

मग युक्लिडने 'का' कसं शोधलं? अबक त्रिकोण काढा. बअ ही बाजू अ च्या पुढे ड पर्यंत वाढवा, अड ची लांबी अक एवढीच ठेवा. ड आणि क जोडा. अडक हा समद्विभुज त्रिकोण, म्हणून त्याचे ड आणि क जवळचे कोन सारखे. पण अख्खा कोन बकड हा कोन अकड पेक्षा मोठा, म्हणजेच ड जवळच्या कोनापेक्षाही मोठा. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, हे १९व्या प्रमेयात आधीच सिद्ध झालंय. म्हणून बड ही बक पेक्षा मोठी. आणि बड म्हणजे बअ अधिक अक. झालं!

म्हणजे गाढवाची वाट कोनांच्या तुलनेवर उभी आहे. कुठलं विधान कशावर उभं आहे, हे माहीत असण्याची किंमत १९व्या शतकात कळली. १८२९मध्ये रशियातल्या कझानच्या लोबाचेव्हस्कीने युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक बदलून नवी भूमिती मांडली. तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. शाळेत घोकलेलं ते विधान गेलं. आमचं २०वं प्रमेय मात्र शाबूत राहिलं, कारण पहिली २८ प्रमेयं युक्लिडने त्या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली होती.

दिसायला दोन्ही विधानं सारखीच पक्की होती. कुठलं टिकेल हे नुसतं बघून सांगता आलं नसतं. त्यासाठी सिद्धता उलगडूनच बघावी लागते.

त्या दिवशी वर्गात मला एवढंच हवं होतं. आणि हो, त्या वर्षी ते प्रमेय परीक्षेत आलंच नाही.