औडॅड (बार्बरी मेंढी)

उत्तर आफ्रिकेच्या रखरखीत डोंगरांतला, मेंढी आणि बकरी या दोघींशी साम्य असलेला सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव अ‍ॅमोट्रॅगस लर्व्हिया; या प्रजातीत ही एकच जाती आहे. मोरोक्कोपासून इजिप्त, सुदान, चाडपर्यंतच्या मूळ प्रदेशात शिकारीमुळे व गुरांच्या चराईमुळे तिची संख्या घटली असून तिची गणना धोक्यातील प्राण्यांत होते. टेक्ससमधील रँचवर मात्र ती मोकाट वाढली आहे.

रंग वाळूसारखा तांबूस. शिंगे नर-मादी दोघांनाही असतात, मागे वळून आत झुकलेली. हनुवटीला दाढी नाही. पण गळ्यापासून छातीवर आणि पुढच्या पायांवर लांब केस लोंबतात. नरात ही झालर एवढी दाट असते की दुरूनही तो ओळखू येतो. मोठ्या नराचे वजन १०० किग्रॅ.च्या वर जाते. मादी जेमतेम त्याच्या निम्मी. गर्भकाळ सुमारे साडेपाच महिन्यांचा, आणि जुळी कोकरे होणे नवलाचे नाही. गवत, झुडपांचा पाला, जे मिळेल ते खाते. हिरव्या चाऱ्यातली ओल मिळाली तर पाण्यावाचून बरेच दिवस काढते.

टेक्सस सरकारच्या शिकार खात्याने १९५७-५८ मध्ये पॅलो ड्युरो दरीत हे प्राणी मुद्दाम सोडले. शिकाऱ्यांना नवे सावज मिळावे हा हेतू. १९६३ पासून तेथे शिकार सुरू झाली. खाजगी मालकांनीही आपापल्या जमिनीवर कळप आणले. तारेची साधी कुंपणे आणि उभे कडे त्यांना अडवू शकले नाहीत, आणि पश्चिमेकडील ट्रान्स-पेकोसच्या डोंगरांत त्यांनी बस्तान बसवले.

कायद्याची बाजू मोठी गमतीची आहे. रँचवरचे देशी हरीण जनतेचे, त्याला हंगाम आणि मर्यादा. औडॅड मात्र ‘परदेशी पशुधन’: शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की वर्षभर कितीही मारावे. गोठा ठाऊक नसलेले हे पशुधन! शिंगाळ नरासाठी शिकारी हजारो डॉलर मोजतात, त्यामुळे गुरांच्या धंद्यात पोळलेल्या मालकाला तो हवासा वाटतो.

खरी झळ बसते ती वाळवंटी बिगहॉर्न मेंढीला. टेक्ससमधून १९६०च्या दशकारंभी नाहीशी झालेली ही देशी मेंढी बाहेरून आणून पुन्हा वसवण्यात आली. औडॅडचे मोठे कळप तिचा चारा-पाणी बळकावतात. शिवाय न्यूमोनियाचे मायकोप्लाझ्मा जंतू ते वाहून नेतात. बिगहॉर्नसाठी राखलेल्या क्षेत्रांत म्हणून वन्यजीव खाते आता हेलिकॉप्टरमधून औडॅड टिपते. एकेकाळी ते सोडणाऱ्या खात्याचेच हे वारस. डिसेंबर २०२४ मध्ये बिगहॉर्नचा एक कळप एल पासोजवळच्या फ्रँकलिन डोंगरांत सोडण्यात आला; तेथे औडॅड नाहीत, हे त्या निवडीचे एक मुख्य कारण होते.