उंबऱ्यावरची शिरगणती

२००१ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत लिपिक होतो. जनगणनेच्या कामासाठी शिक्षकांबरोबर मलाही प्रगणक म्हणून नेमले होते. ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस घरोघर हिंडायचे, माणसे मोजायची आणि छापील तक्त्यात माहिती भरायची, असे ते काम. काखेत पिशवी असली की लोक 'मास्तर' म्हणत, मीही ते म्हणू देत असे.

पूर्व भागातल्या एका घरी गेलो. घरधनी यंत्रमागावर काम करणारा, रात्रपाळी करून नुकताच उठलेला. त्याने स्वतःचे वय सांगितले, मुलांची नावे सांगितली. बायकोच्या रकान्याशी आल्यावर मी विचारले, "आणि ह्या काय काम करतात?" तो म्हणाला, "ती घरीच असते मास्तर, काही करत नाही." मी 'काम न करणारी' अशी नोंद केली आणि उठलो. चपला घालताना सहज मागे पाहिले. बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. मी बसलो होतो तितका वेळ तिची बोटे विड्या वळत होती, आणि मला ती दिसलीच नव्हती.

खरे तर मला दिसायला हवी होती. माझी अम्मी विड्या वळूनच आमचे वह्या-पुस्तकांचे पैसे उभे करत असे.

त्या दिवसापासून सरकारी आकडा दिसला की मला आधी उंबरठा आठवतो. आकडे दिल्लीत किंवा मुंबईत छापले जात असले तरी जन्माला येतात ते आपल्या दारात. तिथे जे विचारले जात नाही आणि सांगितले जात नाही, ते सरकारच्या लेखी घडलेलेच नसते.

आपल्याकडे इंग्रजी अमलात देशभर शिरगणतीचा पहिला प्रयत्न झाला तो १८७२ च्या सुमारास. पण ती मोजणी सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. सबंध देशाची एकाच वेळी मोजणी झाली १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. या दोन मोजण्यांच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला. आमचा सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. १८८१ ला जिल्ह्याची माणसे मोजली, तर ती १८७२ पेक्षा कमी भरली. काही गाव सोडून परमुलखात गेली होती, पण किती तरी माणसे दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने मेली होती. त्यातल्या अनेकांची नावे कुठल्याच दप्तरात नव्हती. त्यांचे जाणे कळले ते दोन आकड्यांच्या वजाबाकीतून. १८८० च्या दुष्काळ आयोगाने पीकपाण्याची माहिती नियमाने गोळा करण्यावर भर दिला, त्यामागे हाच धडा होता.

सरकारने हे आकडे स्वतःच्या सोयीसाठी जमवले, हे उघड आहे. सारा किती बसेल, बंदोबस्त किती लागेल, हे त्याला हवे होते. पण छापलेला आकडा कोणालाही वाचता येतो. दादाभाई नौरोजींनी सरकारचेच अहवाल उलगडले, पिकांचे आणि उत्पन्नाचे आकडे मांडले आणि १८७६ साली मुंबईत निबंध वाचून सांगितले की, हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये आहे. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करते, हेही त्यांनी सरकारी हिशेबातूनच दाखवले. राज्यकर्त्यांच्याच वहीतला पुरावा, त्याला खोटे म्हणायचे कसे?

पुण्याच्या सार्वजनिक सभेने तर दुष्काळात आपली माणसे गावोगाव धाडून स्वतःच माहिती जमवली. सभेशी संबंधित रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शिक्षक. शाळा सांभाळून त्यांनी सरकारी अहवालांचा असा अभ्यास केला की, १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्या आकडेवारीमागे जोशींची मेहनत होती. गोखल्यांचे नाव आपण घेतो, जोशींचे क्वचित. आकडे जमवणाऱ्यांचे हे नशीबच असते.

पुढे १९२१ ची मोजणी झाली. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले, तर १९११ साली २५ कोटी २१ लाख असलेली लोकसंख्या १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट घट. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने किती घरे बसवली, ते या दोन ओळींत दिसते. त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत देशाची लोकसंख्या घटली नाही.

स्वातंत्र्यानंतर आकड्यांनी आपल्यालाच आरसा दाखवला. १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली त्या ९३० उरल्या. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९७४ च्या अहवालात यावर बोट ठेवले आणि विचारी माणसे हादरली. पुढे गर्भलिंगतपासणीची यंत्रे आली. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ साली. तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. एकेका घरात विचारले असते, तर कोणी कबूल झाले नसते. सगळ्या घरांची बेरीज मात्र बोलली.

आता पुन्हा त्या सुपाकडे येतो. बायकांच्या कामाची नोंद नीट होत नाही, अशी तक्रार जुनीच होती. म्हणून १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच स्पष्ट शब्द घातले गेले की, शेतातले किंवा घरच्या धंद्यातले बिनमजुरीचे कामही काम समजावे. म्हणजे कागद सुधारला होता. माझ्या प्रशिक्षणातही हे सांगितले होते. विड्यांची तर मजुरीही मिळते. तरी मी प्रश्न विचारला तो नवऱ्याला, आणि उत्तर लिहिले तेही त्याचे.

१ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणकाने पुन्हा फेरी मारायची असते. मधल्या काळात कोणी जन्मले, कोणी वारले, ते दुरुस्त करायचे. त्या फेरीत मी त्या घरी गेलो आणि या वेळी बाईंनाच विचारले, "अक्का, दिवसाला किती होतात?" त्या म्हणाल्या, "हजार. अंगात ताप असला तर सातशे." मी नोंद बदलली. पण खरे सांगायचे तर, त्या वीस दिवसांत आणखी किती घरांत मी असेच लिहून पुढे गेलो असेन, याचा हिशेब माझ्याकडे नाही. २००१ च्या जाड ग्रंथांत सोलापूरच्या काम न करणाऱ्या बायकांचा जो आकडा आहे, त्यात थोडा माझाही हात आहे.

आणि मला अगदी साव म्हणून बोलता येत नाही, तसे अगदी चोर म्हणूनही नाही. १९९१ साली मी विशीत होतो, तेव्हा आमच्याही दारात एक गृहस्थ आले होते. अब्बांचे नाव ऐकताच त्यांनी मातृभाषेच्या रकान्यात उर्दू लिहिले. विचारलेही नाही. जनगणनेची व्याख्या अशी आहे की, लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती मातृभाषा. माझी अम्मी बार्शीकडच्या खेड्यातली. अब्बांशी दखनीत बोले, आणि मला मांडीवर घेऊन मराठीत. मी कविता मराठीत लिहितो, ती तिच्यामुळे. उर्दू गोड भाषा आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण एका न विचारलेल्या प्रश्नाने मराठीतला एक माणूस कमी झाला. भाषेच्या शाळा, पुस्तके, अनुदाने ठरताना हेच आकडे पुढे ठेवतात.

लोक माहिती द्यायला कचरतात, याचेही कारण आहे. "रेशन तर बंद होणार नाही ना?" हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला! १९४८ चा जनगणना कायदा सांगतो की, कोणाही व्यक्तीची दिलेली माहिती दुसऱ्याला पाहता येत नाही, दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. हा भरवसा सरकारने जपला पाहिजे, कारण तो गेला की आकडाही गेला.

रेशनचाच विषय निघाला म्हणून सांगतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरांतल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. पण ही टक्केवारी काढायची ती छापून आलेल्या जनगणनेवरून, म्हणजे २०११ च्या. त्यावरून देशभरात सुमारे ८१ कोटींची मर्यादा ठरली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेली साखळी पहिल्यांदा तुटली. २०११ नंतर जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली, पण त्या ८१ कोटींच्या हिशेबात ती जन्मलेलीच नाहीत. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला. या वेळी जातीचीही नोंद व्हायची आहे. सर्व जातींची अशी मोजणी होऊन तिचे आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ साली.

तेव्हा प्रगणक दारात आला, तर त्याला बसायला द्या. घरातल्या बाईला आत पाठवू नका, तिचे तिलाच सांगू द्या. आणि जो प्रगणक म्हणून जाईल, त्या माझ्या भावाला किंवा बहिणीला एवढेच सांगेन: नाव ऐकून भाषा लिहू नका, आणि नवऱ्याला विचारून बायकोचे काम लिहू नका. लिहिण्याआधी एकदा घरभर नजर टाका. कोणाच्या तरी मांडीवर सूप असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)