तळटीप १४ : कायझर पर्मनेंटे

१४. कायझर पर्मनेंटे : लेखकाने हिला ‘रुग्णालयांची साखळी’ म्हटले आहे, ते अपुरे वाटते. अमेरिकेतील या एका नावाखाली तीन वेगळी घरे नांदतात : वर्गणी घेणारी आरोग्य योजना, रुग्णालये चालवणारी संस्था (या दोन्ही ना-नफा) आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीचे वैद्यकीय गट. पैसा बहुतांशी सभासदसंख्येवर आधीच ठरतो. त्यामुळे तपासण्या वाढवून बिल फुगवण्याचा मोह डॉक्टरांना फारसा नसतो. गरजेची तपासणीही टाळली जाईल, हा उलटा धोका मात्र राहतोच, आणि टीकाकार नेमके तिथेच बोट ठेवतात.

मूळ कल्पना डॉ. सिडनी गारफिल्ड यांची. १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीचे पाणी नेणाऱ्या जलवाहिनीच्या मजुरांसाठी त्यांनी छोटे रुग्णालय काढले. ते बुडायच्या बेतात असताना, कामावरच्या अपघातांसाठी विमा कंपनी दर मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ देऊ लागली आणि रुग्णालय तरले. उद्योगपती हेन्री कायझर यांनी ही पद्धत पुढे ग्रँड कूली धरणावर आणि युद्धकाळात रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांत नेली. १९४५ मध्ये योजना सर्वांसाठी खुली झाली.