गोमंतकांतील निरोपाचें नृत्यगीत

नृत्य म्हटलें कीं उल्हास, आणि विरह म्हटला कीं नृत्याला रजा, अशी आपली सामान्य समजूत. गोमंतकांतील ‘मांडो’ ही समजूत जुमानीत नाहीं. दुरावलेल्या प्रीतीचें दुःख तो नाचूनच सांगतो.

एकोणिसाव्या शतकांत सासष्टीमधील कुडतरी, लोटली अशा गांवीं, सधन ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत हा प्रकार वाढला. चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. त्या पाश्चात्य विद्येला घरची कोंकणी आणि मातीचें घुमट येऊन मिळालें. (घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्यानें मढवीत, आतां बकऱ्याचें कातडें वापरतात.) ही केवळ पोर्तुगीजांची नक्कल, असें समजून पुष्कळ वर्षें मीं मांडोची उपेक्षा केली. तो माझा अन्याय होता, हें मडगांवास एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नांत मला उमगलें.

स्त्रिया एका ओळींत, पुरुष समोरच्या ओळींत. स्त्रियांच्या हातांत पंखे. सहा मात्रांच्या संथ लयीवर दोन्ही ओळी जवळ येतात, परस्परांस ओलांडून जातात, पुन्हा दूर सरतात, आलिंगन नाहीं. गीतांत जो वियोग गाइला जातो तोच पावलांत दिसतो. मीलनाची आस तर प्रत्येक पावलांत, आणि तरी अंतर मान्य! आक्रोशाला ह्या लयींत जागाच उरत नाहीं. ज्या समाजांत विवाह वडीलधारे ठरवीत आणि उपजीविकेसाठीं तरुण मुंबईस व आफ्रिकेस जात, त्या समाजाला हा संयम नित्याचाच असला पाहिजे.

मांडो संपला कीं लागलीच जलद चालीचें ‘दुलपद’ सुरू होतें. त्यांत गांवच्या गोष्टी, थट्टामस्करी. प्रथम मला हें विजोड वाटलें. परंतु डोळे ओले असतांच पाय वेग घेतात, ह्यांत दुःखाचा अवमान नाहीं; उद्यांचे व्यवहार कोणाला चुकले आहेत?

लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो (१८७६-१९४८) यांचा ‘आदेउस’ ह्या शब्दानें आरंभ होणारा मांडो सर्वांत प्रसिद्ध. आदेउस म्हणजे पोर्तुगीज भाषेंतील निरोप. निघण्याची घटका येतांच काळजांत दाटणारी भीति, एवढाच त्याचा विषय. दोन जिवांचें तें खासगी दुःख. आज मेजवानीच्या अखेरीस सगळे पाहुणे मिळून तें गातात.

त्या लग्नांतहि गाइलें. वधूची आई पंख्याआड तोंड लपवून गात होती, आणि पाऊल मात्र एकदांहि चुकलें नाहीं.