बाष्पित्रातील राखनिक्षेपाचे पूर्वानुमान

कोळशावर चालणाऱ्या बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) ज्वलनानंतर उरलेली राख नळ्यांवर चिकटून जे थर बनतात, त्यांना राखनिक्षेप म्हणतात. भट्टीच्या भिंतींवर वितळलेल्या राखेचा थर बसणे म्हणजे स्लॅगिंग. पुढे सुपरहीटरसारख्या नळ्यांवर, तुलनेने थंड वायूत थर साचणे म्हणजे फाउलिंग. थरामुळे नळ्यांना मिळणारी उष्णता घटते. घट्ट झालेले मोठे क्लिंकर तुटून खाली पडल्यास तळाच्या नळ्यांना इजा होते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार वीज केंद्रात ४० हून अधिक जणांचा बळी घेणारी दुर्घटना झाली, तेव्हा भट्टीच्या तळाशी राखेचा मोठा साठा झालेला होता.

निर्देशांक

पूर्वानुमानाची सर्वांत जुनी पद्धत राखेच्या शंकूची आहे. शंकू तापवत नेऊन तो विरूप, गोलाकार, अर्धगोलाकार व प्रवाही होण्याची तापमाने नोंदवतात. दुसरी पद्धत रासायनिक आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांच्या बेरजेस सिलिका, अ‍ॅल्युमिना व टायटॅनिया यांच्या बेरजेने भागल्यास आम्लारी–आम्ल गुणोत्तर मिळते. त्यास कोळशातील गंधकाच्या टक्केवारीने गुणले की स्लॅगिंग निर्देशांक येतो. तो ०.६ पेक्षा कमी असल्यास धोका अल्प आणि २.६ पेक्षा अधिक असल्यास तीव्र मानतात. फाउलिंगसाठी गंधकाऐवजी सोडियम ऑक्साइडचे प्रमाण घेतात.

या सूत्रात गंधक घेतले जाते ते लोहमाक्षिकाचा (पायराइटचा) निदर्शक म्हणून. गंधकयुक्त अमेरिकी कोळशासाठी ते योग्यच होते. भारतीय कोळशात मात्र गंधक सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते आणि लोहाचा काही भाग सिडेराइट या कार्बोनेट खनिजात असतो. गंधक त्याची खबरच देत नाही. त्यामुळे निर्देशांक ‘अल्प धोका’ सांगत असतानाही लोहयुक्त कणांपासून स्लॅग तयार होऊ शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महानिर्मितीच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या चंद्रपूर केंद्रास प्रामुख्याने वर्धा खोऱ्यातील कोळसा मिळतो. भारतीय औष्णिक कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. सिलिका व अ‍ॅल्युमिना विपुल असल्याने ही राख उच्च तापमानालाच वितळते. तिच्यातील कठीण क्वार्ट्‌झने नळ्या झिजणे ही अधिक नेहमीची तक्रार आहे. मुंबईतील ट्रॉम्बे केंद्रात आयात केलेला, कमी राखेचा कोळसा वापरला जातो. इंडोनेशियाच्या अशा अनेक कोळशांची राख थोडी असली, तरी लोह व कॅल्शियममुळे ती लवकर वितळते. राखेची टक्केवारी आणि चिकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

टंचाईमुळे २०२२ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीज केंद्रांना सुमारे १० टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले. अशा मिश्रणाचे वर्तन सरासरीने काढता येत नाही: दोन राखांच्या संयोगाचा वितळणबिंदू कधी कधी दोन्हींपेक्षा खाली असतो. म्हणून मिश्रणाच्या राखेचीच चाचणी घ्यावी लागते. याखेरीज नलिका-भट्टीतील प्रयोग, कणनिहाय सूक्ष्मदर्शी विश्लेषण आणि संगणकीय प्रवाहगणित यांचा आधार घेतला जातो. प्रत्यक्ष केंद्रात भट्टीबाहेर पडणाऱ्या वायूचे वाढते तापमान हीच बहुधा पहिली सूचना ठरते आणि त्यावरून काजळी-झोत यंत्रे (सूट ब्लोअर) केव्हा चालवायची ते ठरवतात.