बसल्या बसल्या विणलेलं फूल: क्रोशाच्या चौकोनाचा इतिहास

  

आजचा विषय चार बोटांएवढा आहे. क्रोशाचा चौकोन, ज्याच्या मधोमध एक फूल असतं. रील्समध्ये त्याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीबाईचा चौकोन. त्याच्या बॅगा, टॉप, उशांचे अभ्रे, मोबाइलची पाकिटं तुम्ही पाहिलीच असतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. स्वेटर मशीनवर निघतो, साडीची लेस मशीनवर निघते, पण खरा क्रोशा आजही हातानेच होतो. दिसायला तसं कापड मशीन काढतं, पण ते वेगळं विणकाम. क्रोशात सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो आणि पुढचा टाका आधीच्या कुठल्याही टाक्यात, कुठल्याही दिशेने घालता येतो. ते काम बोटंच करतात. म्हणजे क्रोशाचं फूल जिथे दिसेल, तिथे कुणीतरी बसून ते विणलेलं आहे. मग प्रश्न असा की ती कोण होती, आणि तिला काय मिळालं? आजचा इतिहास याच प्रश्नाचा.

आधी आपल्या गावापासून सुरू करू. पाथरी म्हटलं की बाहेरच्यांना जानेवारी २०२० मधला साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. आम्हाला मात्र पाथरी म्हणजे कापूस, ऊस आणि तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरी. ढालेगाव आणि मुद्गलचे बंधारे ऐकले असतील, ते इथलेच.

इथल्या घरांत क्रोशा दिसायचा तो रुखवतात. मुलीच्या लग्नात मांडवात टेबलावर सगळं मांडलेलं असायचं: क्रोशाचं तोरण, ताटावरचा जाळीचा रुमाल, दोऱ्याचा हंस. पाहुण्यांनी यायचं, बघायचं आणि म्हणायचं, "पोरगी गुणाची आहे हो." माझ्या मावशीच्या रुखवतातला रुमाल अजून आमच्याकडे आहे. त्यात पांढऱ्या दोऱ्याची सोळा फुलं आहेत. किती दिवस लागले, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "काय लागतंय त्याला, बसल्या बसल्या होतं."

हे 'बसल्या बसल्या' लक्षात ठेवा. कारण शेतात असं कुणी म्हणत नाही. आमच्या भागात कापूस वेचणीचा भाव किलोवर ठरतो. संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढतं, वजन होतं, पैसे हातात येतात. त्याच बाईने रात्री सुती दोऱ्याचं फूल विणलं, तर त्याला ना काटा, ना भाव. कापूस तोच, हात तेच. शेतातलं ते काम आणि घरातला तो विरंगुळा. हा फरक आला कुठून?

क्रोशा हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ छोटा आकडा. विणकामातली ही तरुण कला. कापड विणणं हजारो वर्षं जुनं, पण आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो तो युरोपात १९ व्या शतकातच पसरला. अभ्यासकांचं एक मत तर आपल्याला आवडेल असं आहे. आज ब्लाउजवर जे आरी वर्क करून घेतात, त्यातली आकड्याची सुई पूर्वेकडून, म्हणजे भारत, इराण, चीन या भागातून, १८ व्या शतकात फ्रान्समध्ये पोचली. तिथे ताणलेल्या कापडावर साखळी टाका घालायचे. मग कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळी हवेत विणली. तोच क्रोशा.

१८२२ ते १८२४ या काळात 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात क्रोशाचे नमुने छापून आले. १८४० नंतर इंग्लंडमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्डिएर या बाईंनी नमुन्यांची पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गीय घरांत ही टूम पसरली. तिथे तो खरोखर फावल्या वेळातला छंद होता. ज्यांच्याकडे फावला वेळ होता, त्यांचा.

आता समुद्र ओलांडून आयर्लंडला जाऊ. १८४५ मध्ये तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं मुख्य अन्न तेच. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भूक आणि आजारांनी मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क शहरातल्या जोगिणींनी आणि क्लोन्स गावात कॅसांड्रा हँड नावाच्या पाद्र्याच्या बायकोने गरीब घरांतल्या बायकामुलींना क्रोशा शिकवण्याची सोय केली. सुई आणि दोरा, भांडवल एवढंच. सुई नसेल तर तारेला बाक देऊन करायची.

आणि इथे आपलं फूल येतं. आयरिश बायका अख्खी कॉलर एका दमात विणत नव्हत्या. एकीने गुलाब विणायचे, दुसरीने पानं, तिसरीने ते सगळे तुकडे बारीक जाळीने जोडायचे. काही घरांचे नमुने ठरलेले असायचे आणि ते बाहेर सांगत नसत, कारण पोट त्यावर होतं. सुटं फूल विणण्याचा एक फायदाही समजून घ्या. चुलीवर काही ठेवलंय, मूल रडतंय, अंधार पडतोय, अशा वेळी हातातलं काम कधीही खाली ठेवता आलं पाहिजे. मोठं कापड तसं सांभाळणं अवघड, फूल सहज ठेवता येतं. तुटक तुटक वेळात जगणाऱ्या बाईसाठीच जणू हा आकार बनला.

लंडन-पॅरिसच्या बायका ती लेस मिरवायच्या. विणणारीचं नाव त्यावर कुठेच नसायचं.

आता परत गोदावरीवर येऊ. पाथरी तालुका ओलांडून नदी नांदेड, तेलंगण, आंध्र करत समुद्राला मिळते. उगमापासून समुद्रापर्यंतचा तिचा प्रवास १,४६५ किलोमीटरचा. तिच्या एका मुखाजवळ, आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. त्या भागात १८४४ पासून ख्रिस्ती मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली, अशी सरकारी नोंद आहे. बघता बघता घराघरांत काम सुरू झालं आणि माल परदेशात जाऊ लागला. कामाची वाटणीही तशीच: कुणी फुलं विणायची, कुणी जोडायची, आणि विकणारे व्यापारी मात्र पुरुष.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस तिथे जाऊन राहिल्या. १९८२ मध्ये त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या बायका घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणतात, त्यांच्या लेसवर परकीय चलन येतं, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नाही. त्या गृहिणी, आणि काम 'फावल्या वेळातलं'. मग मजुरी तुटपुंजी ठेवायला कारण आयतंच मिळतं. म्हणजे 'फावला वेळ' हा नुसता शब्द नव्हता, मजुरी कमी ठेवण्याचा तो रस्ता होता. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाच्या नावाला किंमत आली. बाईच्या तासाला किती आली, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

महाराष्ट्रात काय झालं? इथे दोन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे हातकाम शिकून पायावर उभं राहणं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींना केडगावला आणलं आणि अक्षरओळखीबरोबर शिवण, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. तिथेही शिवणकामाचे वर्ग होते. या दोघींना कळलं होतं की हातात कला असली तर चार पैसे स्वतःचे येतात.

दुसरी वाट रुखवताची. कला तीच, पण तिचा उपयोग मुलगी 'गुणाची' आहे हे दाखवण्यापुरता. लग्न झालं, रुमाल ट्रंकेत गेला. आमच्या मराठवाड्यात ही दुसरी वाटच जास्त चालली. नमुना माहेरहून सासरी गेला, एका जावेकडून दुसरीकडे गेला. कागदावर नाही, बोटांवर. शब्दसुद्धा घरातलेच झाले: साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. कुणा अनाम बायकांनी ही भाषा घडवली आणि ती आजही चालते.

राहिला आपला चौकोन. याचा आतापर्यंत सापडलेला सर्वात जुना छापील नमुना १८८५ चा आहे, 'प्रेअरी फार्मर' या शिकागोच्या शेतीविषयक साप्ताहिकातला. उरलेल्या लोकरीचे तुकडे वाया न घालवता त्यांचे चौकोन करायचे आणि ते जोडून पांघरूण बनवायचं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ, गोधडी होते, तिची ही लोकरीची बहीण. हे पांघरूणही शेतकऱ्याच्या घरातलंच.

आता ऐकता ऐकता करून बघायचं असेल तर अगदी सोपा नमुना सांगते. जाड लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या.

६ साखळ्या घालून गोल बंद करा. त्या गोलात १२ खांब घाला. पहिल्या खांबाऐवजी ३ साखळ्या धरायच्या. हे झालं फुलाचं केसर, पिवळं घेतलंत तर छान. मग रंग बदला. दोन खांबांच्या मधल्या प्रत्येक फटीत दोन अर्धवट खांब घेऊन ते वरून एकत्र बंद करा आणि मध्ये २ साखळ्या सोडा. झाल्या १२ पाकळ्या. आता हिरवी लोकर. एका फटीत ३ खांब, २ साखळ्या, पुन्हा ३ खांब. हा कोपरा. पुढच्या दोन फटींत ३-३ खांब. मग परत कोपरा. असं चार वेळा. १२ ला ४ ने भाग जातो, म्हणून गोल फुलाचा चौकोन होतो. एवढंच गणित. कडेने आणखी एक फेर घेतला की चौकोन जोडायला तयार.

पहिला चौकोन वाकडा येईल, येऊ द्या. तिसऱ्यापर्यंत हात बसतो.

हेच चौकोनी तुकडे जोडून काय होऊ शकतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण चेन्नईचं. जानेवारी २०१६ मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. नंतर ती पांघरुणं गरजूंना वाटली. बायका एकमेकींना भेटल्या त्या फोनवर, फेसबुकवर. आधी जावेकडून जावेकडे जाणारा नमुना आता स्क्रीनवरून जातो.

पण फोनवर तसाच 'बसल्या बसल्या'चा भावही फिरतो. एक साधा हिशोब करू. समजा, हात बसलेल्या बाईला फुलाच्या एका चौकोनाला २५ मिनिटं लागतात. १३ चौकोनांची बॅग धरली तर ३२५ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेपाच तास. जोडणं, पट्टा, आतलं अस्तर वेगळं. असा अख्खा दिवस गेलेली बॅग कुणी ३०० रुपयांना मागितली, तर लोकरीचे पैसे वजा करून तासाला किती उरले ते तुम्हीच काढा. मग कापूस वेचणीची मजुरी आठवून बघा. आणि एखादी बॅग बाजारात त्याहूनही स्वस्त दिसली, तर मशीनने केली असेल असं समजून पुढे जाऊ नका. मशीन हे करत नाही. कुठल्यातरी घरात कुणाचा तरी दिवस त्यात स्वस्तात गेलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विणायला शिका, खुशाल छंद म्हणून शिका, मन शांत होतं. स्वतःसाठी विणताना तास मोजायची गरज नाही. पण विकायला विणत असाल तर वही ठेवा. किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, लिहा. किंमत सांगताना आधी तास सांगा, मग रुपये. घासाघीस करणाऱ्याला मिनिटं ऐकवली की त्याचाही सूर बदलतो. विकत घेणारे असाल तर विचारा, "ताई, किती वेळ लागला?" आणि घरात आई, मावशी, आजी कुणी विणत असेल, तर त्यांचे नमुने त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करून ठेवा, त्यांच्या नावासकट. पावणेदोनशे वर्षं ही फुलं बिननावाची जगभर फिरली आहेत. आपल्या घरातली तरी तशी जायला नकोत.

आजच्या भागात इतकंच. चौकोन जमला तर फोटो पाठवा, आणि खाली किती मिनिटं लागली तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!